राजकुमार अटकून अटकून चालते

"काका, राजकुमार अटकून अटकून चालते. रॅम वाढवू का?"

मार्चच्या शेवटी पुतण्याचा फोन आला तेव्हा मी पुण्यात, ऑफिसच्या जिन्यात चहा पीत उभा होतो. राजकुमार म्हणजे 'प्रिन्स ऑफ पर्शिया'. तळघरातून उड्या मारत, जमिनीतून वर येणारे खिळे चुकवत, साठ मिनिटांच्या आत राजकन्येपर्यंत पोचायचं असतं तो. मी म्हटलं, आता कशालाच हात लावू नको, मेमध्ये मी येतोच आहे, तेव्हा पाहू. बारा वर्षांच्या पोराला 'हात लावू नको' म्हणणं म्हणजे कुठे हात लावायचा ते बोटानं दाखवणं. हे मला तेव्हाच सुचायला हवं होतं, कारण त्याच्या वयात मीही दुसरं काही केलं नव्हतं.

आमचं गाव हिंगणघाटपासून पंधराएक किलोमीटरवर. काळी जमीन, कापूस, तूर, सोयाबीन. लॅपटॉप माझाच जुना, दोन जीबी रॅमचा, विंडोज ७ वाला. मी नवा घेतला तेव्हा हा गावी पाठवला आणि त्यात डॉसबॉक्स टाकून दिला. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात: डॉसबॉक्स हा नव्या कॉम्प्युटरच्या पोटात बसून जुन्या कॉम्प्युटरचं सोंग आणणारा प्रोग्रॅम आहे. जुना प्रोसेसर, जुनं साउंड कार्ड, जुनी स्क्रीन, सगळं खोटं खोटं उभं करतो आणि आतल्या गेमला वाटतं आपण १९९० सालातच आहोत. काही हौशी लोकांनी २००२ मध्ये तो पहिल्यांदा बाहेर काढला. ६४-बिट विंडोजला ते १६-बिटचे जुने प्रोग्रॅम चालवताच येत नाहीत, म्हणून हे सोंग लागतं.

मी त्याला हे गेम का दिले, याचं घरच्यांना सांगितलेलं कारण वेगळं आणि खरं कारण वेगळं. घरच्यांना सांगितलं, मोबाइलवरचे गेम पैसे मागतात, हे मागत नाहीत. खरं म्हणजे मला जे आवडलं ते त्याला आवडावं, इतकीच हाव होती.

मेमध्ये पोचलो तेव्हा पारा पंचेचाळीसच्या वर. कूलर कोंदट हवा फेकत होता. समोरच्या खोलीत, म्हणजे एरवी पाहुणे बसतात त्या खोलीत, कापूस छताला टेकलेला. उलंगवाडी, म्हणजे कापसाची शेवटची वेचणी, होऊन महिने झाले होते, पण भाव नाही म्हणून बाबांनी माल काढला नव्हता. ज्यांच्या घरात असा कापूस उन्हाळ्यापर्यंत राहतो त्यांना अंगाची खाज काय असते ते सांगायला नको. कापसाच्या त्या डोंगराला लागून एक गादी, गादीवर लॅपटॉप आणि त्यापुढे पालथा पडलेला पुतण्या.

मी त्याची सेटिंगची फाइल उघडली. मेमसाइझच्या ओळीत, म्हणजे आतल्या खोट्या मशीनला किती एमबी रॅम द्यायची त्या ओळीत, मूळ आकडा १६ असतो. याने ५१२ केला होता. सायकल्सच्या, म्हणजे वेगाच्या, ओळीत 'ऑटो' असतं. तिथे दोन लाख.

"हे काय केलं बे?"

"व्हिडिओत सांगतलं होतं. रॅम वाढोली का फास्ट होते म्हणून."

त्याला रागवावं असं काही नव्हतं. रॅम म्हणजे काम करताना सामान ठेवायची जागा, आणि जागा आणि वेग यांची ही गल्लत माझ्या ओळखीतल्या निम्म्या शिकल्यासवरल्या लोकांची आहे. मोबाइलवाले तर आकडा छापूनच विकतात. आजच्या मशीनमध्ये रॅम कमी पडली की ती हार्ड डिस्कवर भार टाकते आणि डिस्क हळू असते, म्हणून सगळं हळू होतं. तिथे रॅम वाढवून फरक पडतो, हे खरं. पण ज्याला चार पायली धान्य ठेवायचं आहे त्याला दहा खोल्यांचं घर दिलं म्हणून तो चारची पाच पायली करत नाही. 'डूम' डिसेंबर १९९३ चा गेम. त्या काळी तो भलताच खादाड समजला जायचा, आणि त्याची मागणी होती चार एमबी. डॉसबॉक्सचे १६ म्हणजे त्याच्या चौपट झाले. त्या सेटिंगच्या फाइलमध्येच, त्या ओळीच्या वर, बनवणाऱ्यांनी लिहून ठेवलंय की हा आकडा आहे तसाच राहू द्या, वाढवून वेगात सहसा काही फायदा नाही. पोरानं ती ओळ वाचली नव्हती. मीही पहिल्यांदा वाचली नव्हती. शिवाय त्याचे ५१२ मशीननं मानलेच नव्हते. या डॉसबॉक्सची मजल ६३ एमबीच्या पुढे जात नाही, त्याहून जास्त मागितलं की तो ६३ वर आणून ठेवतो.

६३ च का, हे त्याला सांगताना मी कापसाच्या खोलीकडे बोट दाखवलं आणि मग तासभर तिथेच अडकलो.

आयबीएमचा पहिला पीसी १९८१ चा. त्याच्या प्रोसेसरला मेमरीतल्या जागांचे पत्ते मोजायला वीस तारा होत्या, म्हणून एकूण एक एमबी जागा, १०२४ केबी. त्यातला वरचा ३८४ केबी स्क्रीनसाठी आणि मशीनच्या स्वतःच्या कामासाठी राखून ठेवला. प्रोग्रॅमला उरले ६४० केबी. तेव्हा ते भरपूर वाटले. नंतर मशीनमध्ये चार, आठ, सोळा एमबीच्या पट्ट्या बसू लागल्या तरी डॉसचे, म्हणजे विंडोजच्या आधीच्या सिस्टिमचे, प्रोग्रॅम त्या ६४० केबीच्या खोलीतच राहायचे. आमचं घर अगदी असंच आहे. मागे अंगण आहे, गोठा आहे, पण माणसं सगळी एकाच मधल्या खोलीत, कारण समोरची खोली कापसानं राखून ठेवलेली.

मग लोकांनी युक्त्या काढल्या. एक होती ईएमएस: वरच्या राखीव भागात ६४ केबीची एक खिडकी ठेवायची आणि मागच्या वखारीतला माल सोळा-सोळा केबीच्या गठ्ठ्यांनी त्या खिडकीत आणून दाखवायचा. दुसरी एक्सएमएस: एक एमबीच्या पलीकडची जागा सरळ वखार म्हणून वापरायची, हवं ते आत आणायचं, काम झालं की परत ठेवायचं. ही एक्सएमएसवाली व्यवस्था आपली शिल्लक १६ बिटांच्या आकड्यात, केबीमध्ये सांगायची. १६ बिटांत ६५,५३५ च्या पुढे मोजता येत नाही. म्हणजे ६४ एमबीला मापच संपलं. जुन्या गेमसमोर याहून मोठी वखार उभी केली तर त्याला ती दिसत नाही, किंवा चुकीची दिसते. म्हणून ६३.

तिसरी युक्ती मला सगळ्यात प्रिय: माळ्यावर टाकणे. राखीव ३८४ केबीमध्ये मध्येमध्ये रिकामे कोपरे असायचे. १९९१ मध्ये आलेल्या एमएस-डॉस ५ पासून माउसचा ड्रायव्हर (माउस चालवणारा छोटा प्रोग्रॅम) वगैरे बारीकसारीक सामान त्या कोपऱ्यांत चढवता यायला लागलं. कॉन्फिग.सिस नावाच्या फाइलमध्ये 'डिव्हाइस'च्या जागी 'डिव्हाइसहाय' लिहायचं. बस. आईनं पितळेची भांडी माळ्यावर टाकून स्वयंपाकघर मोकळं करावं तसं खाली पंधरा-वीस केबी मोकळं व्हायचं.

हे मला कुणी शिकवलं नाही. १९९६ मध्ये तालुक्याला एक कॉम्प्युटर क्लास होता. तीन मशीन, एक पंखा आणि मशीनपेक्षा जास्त काळजी पंख्याची घेणारे सर. मी एसटीनं जायचो, खिशात फ्लॉपी. फ्लॉपीवर एक गेम, ज्याला ५८०-एक केबी मोकळी जागा हवी होती, आणि सरांच्या मशीनवर 'मेम' कमांड दिली की दिसायचे ५६१. एकोणीस केबी कमी! त्या एकोणीस केबीसाठी मी तीन शनिवार घालवले. कोणती ओळ आधी, कोणती नंतर, कोणता ड्रायव्हर माळ्यावर मावतो, कोणता मावत नाही. तिसऱ्या शनिवारी आकडा ५९४ झाला. गेम सुरू झाला, आणि खरं सांगतो, दहा मिनिटांत कंटाळा आला. आकडा ५९४ झाल्याचा आनंद मात्र अजून आहे. त्यानंतर सोमवारी सरांचा माउस चालेना. त्यावर मी आजतागायत गप्प आहे.

पुतण्या म्हणाला, "मंग राजकुमाराचं काय?"

बरोबर. राजकुमाराचं काय.

त्याचं दुखणं सोपं निघालं. डॉसबॉक्सच्या भाषेत सायकल्स म्हणजे एका मिलिसेकंदात आतल्या खोट्या प्रोसेसरनं किती सूचना उरकायच्या तो आकडा. ऑटोवर ठेवलं की राजकुमारासारख्या साध्या गेमला तीन हजार मिळतात, आणि ते पुरतात. मधल्या ४८६ मशीनची, म्हणजे 'डूम'च्या काळातल्या मशीनची, सर यायला पंचवीस हजारांच्या आसपास लागतात. याने लिहिले होते दोन लाख. आतली प्रत्येक सूचना वठवायला बाहेरच्या खऱ्या प्रोसेसरला अनेक सूचना खर्चाव्या लागतात. त्यामुळे दोन लाख मागितले तर आमचा लॅपटॉप ते पुरवू शकत नाही, धापा टाकतो, आवाज तुटतो, चित्र अडखळतं. म्हणजे जास्त वेग मागितला म्हणून कमी मिळाला. बरं, प्रोसेसरमध्ये दोन कोअर, म्हणजे काम करणारे दोन गडी, आहेत ना, असं म्हणून सोय नाही. तो खोटा प्रोसेसर एकाच कोअरवर राबतो, दुसरा बसून पाहतो. आकडा ऑटोवर आणला आणि राजकुमार लोण्यासारखा पळायला लागला.

उलटा रोगही असतो. जुने कितीतरी गेम प्रोसेसरच्या वेगालाच घड्याळ समजायचे. पहिल्या पीसीचा वेग ४.७७ मेगाहर्ट्‌झ, बस तेवढाच राहणार असं धरून लिहिलेले. मशीन वेगवान झाली तसे ते गेम पिसाळल्यासारखे धावू लागले. म्हणून पूर्वी कॅबिनेटवर 'टर्बो'चं बटण असायचं. नावावरून वाटतं वेग वाढवायचं, पण त्याचा खरा उपयोग वेग कमी करण्याचा. टर्बो पास्कल या प्रोग्रॅमिंगच्या साधनात लिहिलेले बरेच प्रोग्रॅम तर वेगवान मशीनवर उठताउठताच 'रनटाइम एरर २००' म्हणून मरायचे, कारण मशीन किती वेगवान आहे ते मोजण्याच्या भागाकारातच उत्तर मावत नसे. आणि एक तऱ्हा सगळ्यांवर कडी करणारी: 'पॅक्ड फाइल इज करप्ट'. फाइल धडधाकट असते. झालेलं असतं इतकंच की खालची मेमरी फारच मोकळी मिळाल्यामुळे प्रोग्रॅम पहिल्या ६४ केबीच्या आत जाऊन बसतो, आणि त्याची गाठोडी सोडणाऱ्या कोडला तिथे बसायची सवय नसते. त्यावर उपाय 'लोडफिक्स' नावाची कमांड. ती काय करते? खालची थोडी जागा उगाच अडवून ठेवते. एकोणीस केबीसाठी तीन शनिवार घालवलेल्या माणसाला हे पहिल्यांदा कळलं तेव्हा काय वाटलं असेल, विचार करा.

राजकुमार बरा झाला, पण 'डूम' आणि गाड्यांच्या शर्यतीचा एक गेम काही सुधारेनात. हे गेम ऑटोवर असले तरी जेवढी ताकद आहे तेवढी सगळी मागतात. मी चित्र दाखवायची पद्धत बदलली, खिडकी लहान केली, हलत्या चित्राच्या मधल्या चौकटी गाळून पाहिल्या. सगळं दहा-पाच टक्क्यांचं. दोन दुपारी त्यात गेल्या. कपाळावरचा घाम कीबोर्डवर पडत होता आणि वहिनी येता-जाता पाहून जात होत्या, पुण्याहून एवढा खर्च करून आलेला माणूस काय करतोय ते.

सुगावा पोरानंच दिला, सहज. "सकाळी लय मस्त चालते काका. मंग दहा मिनिटानं बसते."

"बसते म्हणजे?"

"बैलासारखं. चालता चालता बसते."

दहा मिनिटं! सेटिंगमधला दोष पहिल्या सेकंदाला जितका असतो तितकाच दहाव्या मिनिटाला असतो. दहा मिनिटं लागतात ती तापायला. मी तापमान दाखवणारा एक छोटा प्रोग्रॅम टाकला. गेम लावला. सत्तर, ब्याऐंशी, एक्याण्णव, सत्त्याण्णव. आणि तिथे पोचताच २.१ गिगाहर्ट्‌झचा प्रोसेसर धपकन ८०० मेगाहर्ट्‌झवर. जळून जाऊ नये म्हणून प्रोसेसर स्वतःच स्वतःचा वेग कापतो. मी दोन दुपारी आतल्या खोट्या प्रोसेसरला औषध देत होतो आणि ताप होता बाहेरच्या खऱ्याला.

बाबा दाराशी कापसाच्या पोत्यावर बसले होते. त्यांना ही चर्चा किती कळली माहीत नाही. ते म्हणाले, "बैल बसला का त्याले आर टोचत नाही. सावलीत नेतेत, पाणी पाजतेत." मग पोत्यावरून उठले आणि बाहेर निघून गेले. पाणी पाजण्याचा भाग लॅपटॉपला लागू नव्हता, पण आर टोचणं म्हणजे ते दोन लाख, हे माझ्या लक्षात आलं.

स्क्रू ड्रायव्हर शिवणयंत्राच्या खणातून मिळाला. खालचं झाकण काढलं. पंखा दिसला, आणि पंख्याच्या पुढे, जिथे तांब्याच्या बारीक पत्र्यांची जाळी असते आणि तिच्यातून गरम हवा बाहेर पडते, तिथे पांढरं-करडं बोटभर जाडीचं काहीतरी बसवलेलं होतं. पुतण्याला वाटलं तो मशीनचाच भाग आहे. मी चिमट्यानं ओढला तसा तो अख्खा बाहेर आला, नमद्यासारखा दाबलेला. कापूस. समोरच्या खोलीतला, गादीतला, हवेतला. चार महिने पंख्यानं एकेक तंतू ओढून जाळीवर नीट थापला होता. जिनिंगमध्येही इतकी घट्ट गाठ पडत नसेल.

वहिनी म्हणाल्या, "याचा तं दिवा लावता येईल." आणि खरंच त्यातली वात करून त्या दिवशी तुळशीपुढे दिवा लावला.

पंखा बोटानं धरून ठेवायचा आणि मग फुंकायचं, नाहीतर तो वाऱ्यानं भलत्या वेगानं फिरून खराब होतो, एवढं मला माहीत होतं. सायकलच्या पंपानं जाळी साफ केली. प्रोसेसरची उष्णता बाहेर नेणारं, वाळून खडखडीत झालेलं पेस्ट खरवडून काढलं. नवं पेस्ट हिंगणघाटच्या दुकानात मिळालं, वाटाण्याएवढं पुरतं, ट्यूब मात्र आयुष्यभराची. लॅपटॉप गादीवरून उचलून लाकडी पाटावर ठेवला आणि पाट कापसाच्या खोलीतून मागच्या पडवीत नेला. मग गेम लावला. एकसष्ट, अडुसष्ट, त्र्याहत्तर. आणि त्र्याहत्तरवरच. 'डूम'च्या बंदुकीचा आवाज पहिल्यांदा एकसंध आला.

"आता मेमसाइझ ५१२ करू?"

"कशाला बे?"

"असू दे ना. बरं वाटते."

करू दिलं. तसंही ६३ च होणार होते.

त्या आठवड्यात माझ्या हळूहळू एक गोष्ट ध्यानात आली. पोरगं गेम फारसं खेळतच नव्हतं. ते सेटिंगची फाइल उघडायचं, एक आकडा बदलायचं, गेम लावायचं, काय झालं पाहायचं, बंद करायचं. 'डूम' नको, 'डूम' किती सायकल्सवर मोडतो ते हवं. मी मुद्दाम त्याला राजकुमाराची गोष्ट सांगितली: जॉर्डन मेकनर नावाच्या माणसानं तो बनवला, धावणं-उडी मारणं खरं दिसावं म्हणून स्वतःच्या भावाला पळायला लावून त्याचं चित्रण केलं आणि त्यावरून एकेक हालचाल उतरवली. १९८९ मध्ये ॲपल-टू या कॉम्प्युटरवर गेम आला. त्याचा मूळ कोड हरवला असंच मेकनरला वाटत होतं, तो त्याच्या वडिलांना कपाटात फ्लॉप्यांच्या खोक्यात सापडला आणि २०१२ मध्ये त्यानं सगळ्यांसाठी खुला केला. पुतण्यानं मन लावून ऐकलं आणि विचारलं, "त्या फ्लॉप्या वीस-बावीस वर्षं चालल्या? तुमच्या काहून नाही चालल्या?" माझ्या फ्लॉप्या पत्र्याच्या पेटीत होत्या. पेटी माळ्यावर होती. विदर्भातल्या मेमध्ये पत्र्याखालच्या माळ्यावर काय उरणार?

निघायच्या आदल्या रात्री लाइट गेली. कूलर बंद, गाव बंद. सगळे अंगणात खाटा टाकून बसले. पुतण्या पडवीत लॅपटॉपपुढे. बॅटरीवर गेला की विंडोज प्रोसेसरचा हात आखडता घेतं हे मी त्याला सांगायला तोंड उघडलं, तर त्यानं आधीच स्क्रीन मंद केली होती आणि राजकुमार लावला होता. राजकुमाराला तेवढाही प्रोसेसर लागत नाही, हे त्याला माहीत झालं होतं. स्पेसबार दाबला की गेम उरलेली मिनिटं दाखवतो. एकतीस. खाली विंडोजच्या कोपऱ्यात बॅटरीची मिनिटं: बावीस.

मी मागे जाऊन उभा राहिलो. त्या तळघरात एक जागा आहे, जिथे खालची फरशी पाय ठेवताच कोसळते आणि पलीकडचं दार बंद व्हायच्या आत पोचायचं असतं. पोरगं तिथे तीनदा पडलं. चौथ्यांदा त्यानं उडीच्या आधी हात कीबोर्डच्या वरच्या ओळीकडे नेला. कंट्रोल-एफ११. सायकल्स कमी करण्याची खूण. खिडकीच्या कपाळावरचा आकडा तीन हजारांवरून घसरत घसरत चारशेवर आला. राजकुमार पाण्यातून चालल्यासारखा झाला. अटकून अटकून. एकेक पाऊल वेगळं दिसायला लागलं, फरशी हळूहळू सुटायला लागली, आणि तो आरामात दाराखालून गेला.

"हे कुठे शिकला?"

"तुमीच तं बिघडोलेलं ठीक करून देल्लं. मंग पाह्यलं का कमी केल्यावर काय होते."

आणि मग म्हणाला, मिनिटंही हळू होतात काका. खरं होतं. हा गेम चौकटी मोजून मिनिट ठरवतो. चौकटी हळू पडल्या की त्याचं मिनिट लांबतं. आतला तास त्यानं ताणून सव्वा-दीड केला होता. स्पेसबार. अजून एकतीसच. बॅटरी एकोणीस.

अंगणातून बाबांचा आवाज आला, "लाइट आली का बे?"

"नाही आबा," मान वर न करता तो म्हणाला, आणि पुन्हा कंट्रोल-एफ११ दाबलं.